सूतभर जास्त

घरात कुलपं कशाला, असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कपाटाबद्दल बोलत असतो. टेपबाईचा दादा त्यातलाच. कचेऱ्यांमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचं त्याचं काम, आणि बाहेर जे केलं ते घरात करून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एका रविवारी तो वरच्या मजल्यावरून वायरचं भेंडोळं घेऊन उतरला, जिन्याच्या कडेकडेनं खिळे ठोकत ती वायर त्यानं तळमजल्यावर आणली, आणि संध्याकाळपर्यंत घरातले तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडून टाकले. एक वर त्याचा स्वतःचा, एक खाली टेपबाईच्या खोलीत, आणि तिसरा मागच्या खोलीत बाबांसाठी, त्याच्या कचेरीनं मोडीत काढलेला.

"आता तुझ्या फाईली बाबांना त्यांच्या खोलीत दिसतील," दादा म्हणाला. "बसल्या बसल्या बघतील. वेळ जाईल त्यांचा."

"फक्त दिसतील ना?"

"अगं, घरचंच तर आहे सगळं."

हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण तिच्या हातात तेव्हा कोणाच्या तरी स्वयंपाकघराची मापं होती, आणि दादाला एक गोष्ट दोनदा विचारली की तो तासभर शिकवणी घेतो हे ती लहानपणापासून भोगत आली होती. तिनं विषय सोडून दिला.

टेपबाई हे नाव कारखान्यातलं. कारखाना कपाटांचा: स्वयंपाकघरातली, दवाखान्यातली, कचेऱ्यांतली कपाटं. तिचे बाबा तिथे एकतीस वर्षं हेड सुतार होते आणि सगळे त्यांना नुसतं मिस्त्री म्हणत. तिचं लग्न चार वर्षं टिकलं. ते मोडून ती एक बॅग घेऊन परत आली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी एकेक सल्ला तयार होता. बाबांकडे तेवढा नव्हता. ते दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यात घेऊन गेले आणि म्हणाले, माझं अक्षर माझं मलाच लागत नाही, मी मापं सांगतो, तू लिही. ती लिहायला लागली. दोन वर्षांत ती स्वतः मापं घ्यायला लागली, आणि पाचव्या वर्षी लोक मिस्त्रींऐवजी तिलाच घरी बोलवायला लागले.

तिच्या कमरेला टेप कायम अडकवलेली असायची. टेपबाई चहा पिण्याआधी कपाचा व्यास घेते, असं कारखान्यातले लोक म्हणत. म्हणेनात का. एकाही घराची भिंत सरळ नसते आणि एकाही घरमालकाला ते पटत नाही, म्हणून ती प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजायची. मग घरी येऊन चित्र काढायची आणि कापायच्या तुकड्यांची यादी बनवायची: लांबी, रुंदी, नग. बाबा निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी कारखान्यात कापायचं मशीन आलं. मशीन ती यादी जशीच्या तशी वाचतं आणि जसंच्या तसं कापतं. तेव्हापासून ती घरूनच काम करायची आणि दर गुरुवारी सकाळी आठवड्याच्या याद्या पाठवून द्यायची. एकोणीस वर्षांत तिच्या दोन चुका झाल्या होत्या आणि दोन्ही तिनं स्वतःच, कापायच्या आधी पकडल्या होत्या. त्या घरात वरचा मजला दादाचा होता, खालचा बाबांचा होता. ही यादी तेवढी तिची होती.

वायर लागल्याला महिना झाला नसेल, एका दवाखान्याचं औषधांचं कपाट जुळेना. फळ्या आत जाईनात. माणसांनी ठोकून बसवायचा प्रयत्न केला तर बाजूचा बोर्ड चिरला. मालकांचा फोन आला. हे मालक जुन्या मालकांचे चिरंजीव. हातोडा कुठं धरायचा हे त्यांना मिस्त्रींनीच शिकवलेलं, त्यामुळे बोलणं गोड होतं.

"टेपबाई, फळ्या तीन-तीन मिलिमीटर जास्त आल्यात. यादीत तसंच आहे. होतं असं कधीतरी."

तिच्याकडून होत नसे. तिनं यादी उघडून पाहिली, आणि खरंच तीन मिलिमीटर जास्त होतं. वहीत मात्र बरोबर लिहिलेलं. म्हणजे वहीतून यादीत उतरवताना आपण चुकलो. एकदा नाही, आठ फळ्यांना आठदा, तेही एकसारखं. ती रात्रीच्या जेवणाला एवढंच म्हणाली, "कामात चूक झाली माझ्याकडून." काय चूक, कशी चूक, हे तिनं सांगितलं नाही, कारण सांगताना रडू आलं असतं आणि समोर दादा बसला होता.

तीन आठवड्यांनी दुसरं काम फसलं, ते पहिल्यापेक्षा वाईट. एका घरातलं अख्खं स्वयंपाकघर. खण आत सरकेनात, दारं एकमेकांवर चढली, आणि ज्या बाईचं घर होतं ती मालकांना फोनवर नको नको ते बोलली. आता मालकांच्या आवाजात गोडवा राहिला नव्हता.

"हे दुसरं. तिसरं झालं तर मी याद्यांचं सगळं काम बाहेरच्या ऑफिसला देईन. मिस्त्रींची मुलगी आहात म्हणून दोनदा ऐकून घेतलं."

एकोणीस वर्षं काम करून शेवटी ती मिस्त्रींची मुलगीच होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आग ओकायची कोणावर? चूक तर यादीत होती आणि यादी तिची होती. तिनं डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं तर फारच उत्तम. मग डोकं बिघडलं असणार. ती प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून लिहायला लागली. दाराला कडी लावून परत येऊन कडी बघायला लागली. सोमवारी बनवलेली यादी तिनं कागदावर छापून उशीखाली ठेवायला सुरुवात केली, आणि स्वतःच्याच घरात स्वतःवरच पहारा ठेवायची ही पाळी आपल्यावर का आली, या विचारानं तिचं जेवण तुटलं.

आणि मग एका मंगळवारी एक गिऱ्हाईक घरी नव्हतं. दाराला कुलूप. मापं न घेता ती तीन वाजताच परत आली, चप्पल काढून सरळ कॉम्प्युटरसमोर बसली आणि कालची यादी उघडली. पडद्यावर एक चौकट आली. ही फाईल 'बाबा' वापरत आहेत, तुम्हाला फक्त वाचता येईल.

तिनं ते तीनदा वाचलं. तिची फाईल, तिच्या कॉम्प्युटरवर, आणि तिला फक्त वाचता येईल.

मागच्या खोलीत बाबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून बसले होते. शेजारी कागद, कानावर पेन्सिल. उजव्या हाताच्या एका बोटानं ते एकेक आकडा खोडत होते आणि दुसरा घालत होते. पाचशे बासष्ट खोडलं, पाचशे पासष्ट घातलं.

"काय करताय बाबा?"

"आलीस? बरं झालं," बाबा वळले नाहीत. "ही चौथी फळी राहिली होती."

"काय राहिली होती?"

"रंध्याला सोडायची. तू काहीच सोडत नाहीस गं, नागडं माप देतेस. कापल्यावर कड साफ करायला रंधा मारला की तुकडा लहान नाही का पडणार? सूतभर तरी सोडावं. मी सोडतोय सगळीकडे, तू नको काळजी करूस."

सूत म्हणजे सुताराच्या भाषेत इंचाचा आठवा भाग. तीन मिलिमीटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ती डोळे तपासत फिरत होती आणि कळसा इथं मागच्या खोलीत चष्मा लावून बसला होता.

"किती दिवस करताय हे?"

"वायर आली तेव्हापासून. पहिल्यांदा थोड्याच तुकड्यांना सोडत होतो. मग तू म्हणालीस कामात चूक झाली, तेव्हा म्हटलं, बाकीचे राहिले त्यामुळं झालं असणार. मग सगळ्यांनाच सोडायला लागलो. म्हटलं लोकांनी नको म्हणायला, मिस्त्रीच्या पोरीला एवढंही कळत नाही."

टेपबाई त्या दिवशी ओरडली. एकोणीस वर्षांत त्या घराच्या भिंतींनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. तिथं आता रंधा नाही, ती ओरडली, रंधा कोणी मारत नाही, मारला तर बोर्डावरचा गुळगुळीत थर निघून येतो, मशीन कापतं तेच साफ कापतं, केसाइतकं नेमकं, आणि तुम्ही माझं काम नासवलंत, मला वेड लागलंय असं वाटायला लावलंत, मला न विचारता, मला न सांगता.

बाबा ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "करवतीची कड साफ येते? रंध्याशिवाय?"

"येते."

"कसं शक्य आहे?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. दर शनिवारी ते कारखान्यात जायचे, पण बसायचे अंगणातल्या बाकावर, जुन्या लोकांबरोबर चहा प्यायला. मशीन आतल्या बंद खोलीत, तिथं कोणाला सोडत नसत. सात वर्षांत त्यांना ते दाखवावं असं कोणाला सुचलं नव्हतं. टेपबाईलाही सुचलं नव्हतं, पण त्या क्षणी हे मनात आणण्याइतकी ती शांत नव्हती.

ती जिना चढून दादाकडे गेली. दादानं खाली येऊन, तिच्याच कॉम्प्युटरवर बसून तिला दाखवलं: तिच्या फाईलींच्या खात्यावर 'सर्वांना, सर्व काही' अशी खूण केलेली होती. उघडा, बदला, पुसा. त्यानंच केलेली.

"मग तुला अडवलं कोणी होतं? पासवर्ड घालायचास," तो म्हणाला. "आणि बाबांनी काय मुद्दाम केलं का? प्रेमापोटीच केलं ना."

"प्रेमानं कापला म्हणून बोर्ड जुळत नाही, दादा."

"तुझं ना, सुतावरून स्वर्ग गाठायचं काम असतं नेहमी. तीन मिलिमीटरसाठी एवढं."

तिनं त्याला खुर्चीवरून उठवलं. हात धरून अक्षरशः उठवलं. मग स्वतः तिथं बसली, अर्धा तास चाचपडली, आणि खूण बदलली. बाबांच्या नावापुढं आता लिहिलं होतं: फक्त वाचता येईल. दादाच्या नावापुढं काहीच नव्हतं, त्याला तिनं साफ काढून टाकलं. ते पाहून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तो वर निघून गेला. टेपबाईला तेवढं एक बरं वाटलं.

बाबा दारात उभे होते. "म्हणजे मी आता उघडायचंच नाही का?"

"उघडा. फक्त बघायचं. हात लावायचा नाही." आणि राग अजून उरलेला होता म्हणून ती पुढं म्हणाली, "आणि मला येऊन काही सांगायचंही नाही. हे कमी पडलं, ते राहिलं, काही नको. माझ्या कामाबद्दल एक शब्द नको."

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर दोन कागद घेऊन बसली. एक सोमवारी तिनं छापलेली यादी, दुसरी मंगळवारी बाबांचा हात फिरल्यानंतरची. मालकांना आधी खरंच वाटेना. मिस्त्रींनी? कसं शक्य आहे. तिला सगळं सांगावं लागलं, वायर, मागची खोली, रंधा, सूत, सगळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण ओठ झाकायला गेलं तर काम जात होतं. मालकांनी कागद खाली ठेवले. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाले, पण ती तिसऱ्या चुकीची अट तशीच राहील. तिचं नाव तिला परत मिळालं. मालकांच्या खोलीला मात्र अर्धीच भिंत होती, आणि भिंतीच्या पलीकडे कोणीतरी हसलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते कारखानाभर झालं. मिस्त्रींनी मशीनला रंधा लावला. शनिवारी बाबा नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेले आणि अर्ध्या तासात परत आले. उन्हाचं बरं वाटलं नाही, म्हणाले. काय झालं ते तिला सोमवारी मशीनवाल्याकडून कळलं. मिस्त्रींनी ज्याच्या हातात पहिली पटाशी दिली त्याच इसमानं कप पुढं करून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मिस्त्री, चहातपण सूतभर जास्त घालू का?" मशीनवाला हे सांगतानाही हसत होता. टेपबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू अर्ध्यात राहिलं.

त्यानंतर बाबा शनिवारी गेले नाहीत. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिला त्या चहावाल्याचा राग होता, मालकांच्या अर्ध्या भिंतीचा राग होता, दादाचा तर होताच. स्वतःचाही होता. पण बाबांवरचाही गेला नव्हता, आणि तो असताना माफी कोणत्या तोंडानं मागायची हे तिला कळेना. म्हणून दोघं एकमेकांशी भाजी, दूध आणि विजेच्या बिलाइतकं बोलत. दुपारी मागच्या खोलीतून कळफलकाचा आवाज येईनासा झाला. माउसची टिकटिक तेवढी ऐकू यायची. बाबा फक्त बघत होते.

मग ते चाकाच्या खुर्चीतल्या बाईंचं काम आलं. बाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, आवाज अजून तसाच खणखणीत. त्यांना सगळं स्वयंपाकघर खुर्चीत बसून हाताशी येईल असं हवं होतं. टेपबाईला हे काम मनापासून आवडलं. तिनं ओट्याखाली गुडघे जायची जागा दोनदा मोजली, बाईंना हात वर करायला लावून बोटांच्या टोकापर्यंत माप घेतलं, आणि बाई म्हणाल्या, "आजवर सगळे माझी दया करून गेले, मोजलं तुम्हीच पहिल्यांदा." ते ऐकून ती दोन दिवस खुशीत होती.

यादी बनवताना तिनं मागच्या एका कामाची यादी समोर घेतली आणि तिच्यावरच नवे आकडे घालत गेली. हे सगळेच करतात, वेळ वाचतो. बुधवारी सकाळी यादी झाली, गुरुवारी ती गेली, आणि पुढच्या मंगळवारी दुपारी मालकांचा फोन आला.

"समोरच्या भिंतीच्या कपाटांच्या सहा बाजू आठ सेंटिमीटर उंच आल्यात. माणसांनी नेऊन बसवल्यासुद्धा. बाईंचा हात वर पोचत नाही."

"सहाच्या सहा बाजू?" तिनं विचारलं.

"मिस्त्रींनी पुन्हा हात घातला वाटतं?" मालक म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते, उलट आवाजात सुटका होती, तिला दार उघडून दिल्यासारखी. "तसं असेल तर सांगा. म्हाताऱ्या माणसाचं मी समजू शकतो, हे एक आणखी पोटात घालू. तसं नसेल तर मग आपलं ठरलंय."

"पाच मिनिटांत सांगते," ती म्हणाली.

यादी उघडायचीही गरज नव्हती, पण तिनं उघडली. सातशे वीस, सातशे वीस, सहा वेळा. जुन्या कामाचे आकडे. बदलायचे राहिले होते. शेवटचा बदल कोणी केला ते कॉम्प्युटर दाखवतो, तिथं बुधवार सकाळ होती आणि तिचं स्वतःचं नाव. तिनं टेबलावर एवढ्या जोरात मूठ आपटली की पेला आडवा झाला आणि पाणी वहीवर सांडलं. ज्या बाईंनी दया नको, मोजा म्हटलं, त्यांच्याच कामात.

ती मागच्या खोलीत गेली तेव्हा बाबांच्या पडद्यावर तीच यादी उघडी होती. त्यांनी फोन ऐकला होता, दारं काही जाड नव्हती.

"सहा बाजू," बाबा म्हणाले. "मी बुधवारीच पाहिलं होतं. दुपारी."

तिला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग कळलं. बुधवार दुपार. यादी गुरुवारी सकाळी गेली.

"मग बोलला का नाहीत?"

"फक्त बघायचं असं ठरलं होतं."

"बाबा, माझं काम गेलं यात. अख्खी रात्र होती तुमच्या हातात. एका हाकेवर मी बसले होते."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "पाहिलं तेव्हा उठलो होतो मी. दारापर्यंत आलो. तुझ्या चित्रात चाकाची खुर्ची होती. बसलेली बाई, तिला एवढं उंच कपाट कशाला, एवढं मला कळतं. मग म्हटलं, त्या वेळीही मला असंच वाटलं होतं ना, मी बरोबर आणि पोरगी चूक. मशीनचं काही नवीन असेल. आपल्याला काय कळतं त्यातलं." त्यांनी चष्मा परत लावला. "म्हणून बसलो खाली."

त्यांनी चिडून हे केलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. रागाला राग भेटला असता. पण एकतीस वर्षं ज्या माणसानं नुसत्या नजरेनं काटकोन ओळखला, तो आपल्या नजरेवरचा विश्वास गमावून दारातून परत फिरला होता, आणि तो विश्वास तिनं काढून घेतला होता, तीन मिलिमीटरच्या बदल्यात.

"मला तुमचा भयंकर राग आलाय," ती म्हणाली. "आणि माझा त्याहून जास्त."

"दिसतंय," बाबा म्हणाले. मग पडद्याकडे बघत, आवाज न बदलता म्हणाले, "मालकाला सांग, मीच केलं. त्याला खरं वाटेल. तिकडे आता मला कोण विचारतंय? तुझं काम तरी राहील."

ते म्हणाले त्यात हिशेबानं काही चूक नव्हती. सगळ्यांना खरं वाटलं असतं. मालकांना वाटायचंच होतं. गुरुवारी नव्या याद्या गेल्या असत्या आणि ही गोष्ट कारखान्यात आणखी एक आठवडा चहाबरोबर चघळली गेली असती. टेपबाई उभी राहिली, एवढा वेळ की बाबांना वाटलं ती हो म्हणतेय, आणि त्यांनी मान हलवून तिला फोनकडे जायची खूण केली.

तिनं फोन तिथंच, त्यांच्यासमोर लावला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "जुनी यादी उचलली आणि सहा आकडे बदलायचे राहिले. बाबांनी हात लावला नाही. त्यांना तो लावताच येत नाही, मी बंद केलंय. उलट त्यांनी ती बुधवारीच पकडली होती."

पलीकडून मालक म्हणाले, "बुधवारी? मग सांगितलं का नाही त्यांनी?"

बाबा मानेनं नको नको म्हणत होते.

"मी त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं."

"मग," मालक सावकाश म्हणाले, "आपलं ठरल्याप्रमाणे."

"ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली. पण तिनं फोन ठेवला नाही, आणि आता तिचा आवाज चढला. "एक करा. तुमच्या लोकांना सगळ्यांना एकत्र बोलवा आणि त्यांना हे सांगा. मिस्त्रींनी ती चूक इथं खोलीत बसून, टेप न लावता, नुसती बघून ओळखली. तुमच्या लोकांनी त्याच सहा बाजू मशीनमधून काढल्या, हातानं जोडल्या, त्या बाईंच्या घरात नेऊन त्यांच्यासमोर बसवल्या, आणि एकालाही काही कळलं नाही. आता हसा म्हणावं."